राबाचा ऐन

पोस्टरवर माझं नाव होतं, आणि ते मला समोरच्या फ्लॅटमधल्या बेनकडून कळलं. रविवारची सकाळ, दुधाची पिशवी आत घ्यायला दार उघडलं तर ती मोबाइल माझ्या नाकासमोर धरून उभी. "विद्याबेन, तमे पण बोलवाना? बहु सरस!" मीही भाषण करणार म्हणे. चष्मा आत राहिला होता, तरी दिसलं. दगडाच्या फटीतून उगवलेलं एक रोपटं (हे रोपटं सगळ्या पोस्टरांवर असतं, कुठल्या देशातलं आहे देव जाणे), त्याखाली 'निसर्गाकडून शिकूया मनाचा कणखरपणा', त्याखाली श्रीधर खांबेटे, आणि त्याखाली, तेवढ्याच जाड अक्षरांत, सौ. विद्या खांबेटे. स्थळ खानवेल, सकाळी दहा वाजता, दुपारी नागलीच्या भाकरीचं जेवण. म्हणजे मी आणि नागलीची भाकरी, दोन खास आकर्षणं. मी बेनला हसून दाखवलं. हसायला मला हल्ली काही लागत नाही, ओठ आपले आपण बाजूला होतात. दार लावलं आणि पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिले, तिचं गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं तरी.

श्रीधर आत शर्टाला इस्त्री करत होता. व्याख्यानाचा शर्ट ठरलेला आहे, फिकट हिरवा. मनात मी त्याला अरे-तुरे करते आणि तोंडाने अहो-जाहो. आमच्या पिढीतल्या बायकांना असे दोन नवरे असतात. "माझं नाव कुणी घातलं?" मी विचारलं. "जयाने," इस्त्रीवरची नजर न काढता तो म्हणाला. "दोघांचं नाव असलं की लोकांना जास्त भिडतं म्हणे. तुला काही बोलायचं नाहीये गं. फार तर दोन शब्द." "कुठले दोन?" त्याने कॉलर उलटी करून तिच्यावरून इस्त्री फिरवली. "सुचतील तसे." जया म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या मराठी मंडळाची चिटणीस. पुण्या-मुंबई-नाशिकहून सिल्वासाच्या कारखान्यांत आलेले इंजिनिअर, मॅनेजर आणि त्यांच्या बायका असं हे मंडळ. कोजागिरीला दूध, संक्रांतीला तिळगूळ, आणि हल्ली मधून मधून मनाची मशागत. श्रीधर तीस वर्षं पॉलिएस्टरच्या धाग्यात काढलेला माणूस. मशीनवरचा धागा तुटला की कुठे तुटला हे आवाजावरून ओळखायचा. तो आता रविवारी माणसं जोडतो.

दोन शब्द! मला खरं तर एकच शब्द हवा होता आणि तोही बोलायला नाही, ऐकायला. आमचा मुलगा वरुण गेला त्याला दोन वर्षं चार महिने झाले, आणि इतक्या दिवसांत श्रीधरने या घरात त्याचं नाव घेतलेलं नाही. 'ती खोली' म्हणतो. 'तो निळा टॉवेल' म्हणतो. 'तेव्हा' म्हणतो, आणि तेव्हा म्हणजे केव्हा ते मी समजून घ्यायचं. मी नाव घेतलं तर उठून पंखा लहान-मोठा करतो. माइक हातात आला की मात्र घेतो. स्पष्ट, खणखणीत, पहिल्या अक्षरावर जरा जोर देऊन, आणि नाव घेतल्यावर थोडा थांबतो, म्हणजे लोकांना आवंढा गिळायला वेळ मिळावा. मला एवढंच हवं आहे की त्याने एकदा, जेवताना, दात घासताना, कधीही, माझ्याकडे बघून वरुण म्हणावं, आणि मग आमचं दोघांचं जे काय व्हायचं असेल ते होऊ द्यावं. एवढ्यासाठी मी वीस व्याख्यानांना गेले. पहिल्या रांगेत बसले. लोक वळून वळून बघायचे, हीच ती आई. आज एकविसावं, आणि आज मी नुसती बघायची वस्तू नव्हते, सही करणारी होते. तो जे सांगतो त्याच्याखाली आज माझं नाव होतं. आणि तो जे सांगतो ते खोटं आहे हे जगात मला एकटीला माहीत होतं.

खानवेलचा रस्ता फेब्रुवारीत वाईट दिसतो. सागाची पानं पापडासारखी वाळून रस्त्यावर येतात, गाडीखाली चुरतात, आणि झाडं नुसती उभी राहतात. श्रीधर गाडी चालवताना ओठांतल्या ओठांत व्याख्यानाची उजळणी करत होता. हा माणूस पूर्वी बोलत नसे. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा याच्या मावशीने घेतला होता. वरुण गेला त्याच्या पुढच्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत कमिटीवाल्यांनी बळंच दोन शब्द बोलायला उभं केलं, की खांबेटेसाहेब एवढ्या दुःखातून कसे सावरलात ते सांगा. मला वाटलं, आता हा रडणार. मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले, तो रडला की उठून जायचं आणि सगळ्यांसमोर त्याला धरायचं, लाज गेली खड्ड्यात. पण हा बोलायलाच लागला. झाडं, पाऊस, नदी, वरुण, मी. वीस मिनिटं. बायकांनी डोळे पुसले, कुणीतरी मोबाइलवर टिपून घेतलं, ते फिरलं, आणि मग वापी, नारोली, सायली, कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या कँटीन, सगळीकडून बोलावणी. मी तशीच खुर्चीच्या कडेवर राहिले. लोक म्हणतात, तुमचे मिस्टर किती खंबीर. मी म्हणते, हो ना.

रिसॉर्ट म्हणजे एरवी सुरत-वापीकडची माणसं शनिवार-रविवार दारू प्यायला येतात ती जागा. गुजरातेत बंदी, इथे मोकळं. आज मागच्या बाजूला बाटल्यांची पोती बांधून ठेवली होती आणि पुढे आंब्याखाली सतरंजी. चाळीसेक माणसं. जया पांढऱ्या बुटांत पळत आली, "काकू, किती गोड दिसताय! दोन शब्द बोलायचेत हं," आणि मला सतरंजीवर न बसवता श्रीधरशेजारच्या खुर्चीत बसवलं. समोर कुंपण, कुंपणापलीकडे उतारावरचं शेत, आणि शेताच्या बांधांवर दहा-बारा विचित्र झाडं. खोड चांगलं जाड, पण पुरुषभर उंचीच्या थोडं वर गेलं की एकदम गाठींचा गठ्ठा, फांद्या नाहीत, पान नाही. शेजारी तोडलेल्या फांद्यांच्या मोळ्या रचलेल्या. श्रीधरने माइकवर दोनदा टकटक केलं, सुरुवात केली. बांबू वाकतो पण मोडत नाही. मोडतो. बाळंतपणाला माहेरी होते त्या वर्षीच्या वादळात मी बेटच्या बेट मोडलेलं बघितलंय. नदी दगडाशी भांडत नाही, वळसा घालून जाते. वळसा घालून धरणाच्या भिंतीला जाऊन थांबते आणि तिथे निमूट पडून राहते, तो शेवट कुणी सांगत नाही. पळस भर उन्हात फुलतो. फुलेल नाही तर काय करेल बापडा, त्याला काय सावलीत जाऊन बसता येतं? एकेक वाक्यावर माना डोलत होत्या आणि मी मनातल्या मनात उत्तरं देत होते. मला हा रोगच लागला आहे. निसर्ग शिकवतो म्हणे. निसर्गाला आपलं नावही माहीत नाही. वरुणला मारणारा डास माझ्या नखापेक्षा लहान होता आणि तोही निसर्गच, पण त्याच्यावर पोस्टर निघत नाही. श्रीधरच्या व्याख्यानात डास येत नाही. डेंग्यू हा शब्दच येत नाही. तिथे वरुण 'अल्पशा आजाराने' जातो, पेपरातल्या म्हाताऱ्यांसारखा.

बावीस वर्षांचा होता. शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला होता आणि पुण्यातल्या नोकरीवर रुजू व्हायला पंधरा दिवस होते, म्हणून घरी आला होता. दुपारी बाल्कनीत मोबाइल घेऊन लोळायचा, कुंड्यांच्या मधे, उघड्या अंगाने. ताप आला तेव्हा म्हणाला, आई, डोळ्यांच्या मागे दुखतंय. मी अमृतांजन चोळलं. ही एक गोष्ट मला कुठेही, कधीही आठवते, भाजी घेताना, लिफ्टमध्ये. डोळ्यांच्या मागे दुखणाऱ्या पोराच्या कपाळाला मी अमृतांजन चोळलं आणि म्हटलं, मोबाइल कमी बघ. सहाव्या दिवशी सगळं संपलं.

"आणि आता समोर बघा," श्रीधर म्हणाला, आणि सगळ्यांनी कुंपणापलीकडे बघितलं. "ही ऐनाची झाडं. इथले आदिवासी दरवर्षी यांच्या सगळ्या फांद्या तोडतात. वाळवून, शेताच्या एका तुकड्यावर पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. त्या भाजलेल्या मातीत मग भाताचं, नागलीचं रोप टाकायचं. विचार करा, दरवर्षी हात-पाय तोडून घ्यायचे आणि दरवर्षी पुन्हा फुटायचं! मित्रहो, याला म्हणतात कणखरपणा." चुलीपाशी एक म्हातारी भाकरी थापत होती, कमळाबाई, शेत तिचंच, रिसॉर्टवाल्याने जेवणापुरती बोलावलेली. श्रीधरने तिला हाक मारली. "मावशी, सांगा जरा या लोकांना. दरसाल तोडता, तरी ऐन फुटतो की नाही?" कमळाबाईने परातीतला हात वर केला, पिठाने राखाडी झालेला. "फुटतं ना," ती म्हणाली. टाळ्या. तिला टाळ्या कशाच्या ते कळलं नाही, तिने मागे वळून बघितलं, कुणी आलं की काय म्हणून.

मग तो चौदाव्या दिवसावर आला. मला ठाऊक असतं कधी येणार, आधी तो माइक डाव्या हातातून उजव्या हातात घेतो. "वरुणचं तेराव्याचं झालं. पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी पहाटे मला जाग आली, विद्या शेजारी नव्हती. मी बाहेर आलो. बाल्कनीच्या जाळीच्या दारातून बघितलं तर ही, हातात एवढं मोठं पातेलं, झाडांना पाणी घालत होती. चौदा दिवस त्या झाडांकडे कुणी बघितलं नव्हतं. पहिला विचार तिने त्यांचा केला. मित्रहो, ज्या आईची कूस रिकामी झाली ती आई दुसऱ्या जिवांची तहान भागवत होती. मला त्या क्षणी कळलं, जगायचं कसं. मीही त्याच दिवशी कामावर गेलो." इथे बायका माझ्याकडे बघतात. बघितलं. एकीने छातीवर हात ठेवला. मी खुर्चीच्या हातांवरची प्लॅस्टिकची पट्टी नखाने सोलत होते.

ते पाणी उकळतं होतं. पाहुण्यांच्या चहाचं मोठं पातेलं, काठोकाठ, गॅसवर ठेवून मी समोर उभी होते, बुडबुडे वर येईपर्यंत, वर आल्यावरही. पदराने धरून बाल्कनीत नेलं आणि कढीपत्त्यावर ओतलं. पानं एका क्षणात काळपट हिरवी झाली आणि मला बरं वाटलं. पुन्हा पाणी ठेवलं. पुन्हा नेलं. मोगरा, गवती चहा, जास्वंद, ब्रह्मकमळ, तुळससुद्धा, सतरा कुंड्या, पाच खेपा. हाताला फोड आले. श्रीधरची झाडं होती ती. दर कुंडीखाली ताटली, आणि ताटलीत पाणी ठेवायचं, कारण मुळं खालून पितात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याचा हुकूम आणि माझा हात. रोज सकाळी मी सतरा ताटल्या भरायचे, नेमाने, देवाचं केल्यासारखं. वरुण गेल्यावर आठव्या दिवशी दुपारी सगळे पाहुणे घोरत होते तेव्हा आरोग्य खात्याची मुलगी आली, सोनी नाव, किलवणीची, खांद्याला पिशवी, हातात बॅटरी. "आंटी, घरात कुणाला ताप?" "होता," मी म्हटलं. तिने भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघितला आणि बॅटरी विझवली. मग काम म्हणून पुन्हा लावली. प्रत्येक कुंडी तिरकी करत गेली. मोगऱ्याच्या ताटलीपाशी बसली, मला बोलावलं. "हे बघा, वळवळतंय ना? हेच." केसाच्या तुकड्यांसारखं काहीतरी पाण्यात वर-खाली करत होतं. तिने ताटली मोरीत ओतली, "सॉरी आंटी," म्हणाली, आणि जाताना दाराबाहेर भिंतीवर खडूने तारीख लिहिली. त्याखाली किती भांडी बघितली आणि कितींत सापडलं. सतरा. एक. रात्री झोपच नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते ओल्या फडक्याने पुसलं. कुणाला सांगितलं नाही. श्रीधरला तर नाहीच. मेलेल्या मुलाच्या बापाला काय सांगायचं, की तुझ्या मोगऱ्याने खाल्लं? की मी वाढलं? मला वाटलं, हे एकटीनेच गिळायचं, त्याला तरी झोप लागू दे. सतरा झाडं दोन दिवसांत सडली. 'इतके दिवस पाणी नव्हतं, उशीर झाला,' एवढंच तो म्हणाला आणि एकेक कुंडी उचलून खाली नेऊन ठेवली. व्याख्यानात मात्र काही झाडं जगतात, त्यांना नवी पालवी येते. तेवढं खोटं तो जाणूनबुजून बोलतो, आणि मी तेवढं त्याला माफ केलं होतं, कारण पालवी कुणालाही हवीच असते. बाकीचं त्याला दिसलंच नाही, असं मी धरून चालले होते. वेंधळा माणूस, जाळीच्या दारातून बघितलेलं, चष्मा नसेल, पहाटेचा उजेड, पातेलं दिसलं आणि पाणी दिसलं. त्याला माझ्यात चांगलंच दिसलं. काही बायकांना एवढंही मिळत नाही, असं मी स्वतःला समजावत आले.

"काकू, दोन शब्द," जया म्हणाली आणि माइक माझ्या हातात आला. तो गरम होता, श्रीधरच्या तळव्याने. मी उभी राहिले. समोर चाळीस चेहरे, सगळे आधीच हळवे झालेले, ओठ थोडे उघडे. मी म्हटलं, "ते पाणी उकळतं होतं." आवाज माझ्या कल्पनेपेक्षा मोठा आला आणि आंब्यावरचा एक कावळा उडाला. "मी झाडांना पाणी घालत नव्हते. मारत होते. मला ती हिरवी सहन होत नव्हती. सतराच्या सतरा मेली, एकही जगलं नाही, आणि मेली तेव्हा मला आनंद झाला. मी सावरलेली नाही. मी काही शिकले नाही. मला शिकायचंही नाही." आणखी बोलायचं होतं, अमृतांजनाचं, ताटल्यांचं, पण तिथे मी थांबले. मला वाटलं, झालं, फुटलं एकदाचं, आता हे लोक उठतील, आता श्रीधर काहीतरी करेल. मग जयाने माझ्या हातातून हळूच माइक काढून घेतला. तिचे डोळे खरोखरच भरले होते. "किती प्रामाणिक," ती म्हणाली. "मित्रहो, राग हीसुद्धा एक पायरी आहे, नाही का? जंगलातही आधी वणवा लागतो, मगच नवं गवत येतं. काकूंसाठी एकदा जोरदार..." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून. नाशिकच्या एका बाईने येऊन मला मिठी मारली, तिच्या केसांना नारळाच्या तेलाचा वास होता. मी श्रीधरकडे बघितलं. तो सतरंजीच्या काठाकडे बघत होता. मग त्याने माइक घेतला आणि म्हणाला, "धन्यवाद, विद्या." पाहुण्या वक्त्याला म्हणतात तसं.

मी उठून चुलीकडे गेले. अपमान झाला होता की काय झालं होतं ते कळत नव्हतं. कमळाबाईने एक फळकूट पुढे सरकवलं, मी त्यावर बसले. नागलीचं पीठ, धूर, उतारावरून येणारा कापलेल्या लाकडाचा आंबूस वास. तिने एक भाकरी तव्यावर टाकली, दुसरी निखाऱ्यावर उभी केली. तिने काही विचारलं नाही म्हणून मीच विचारलं, "मावशी, हे ऐन असेच राहतात? मोठे होत नाहीत?"

"कसा मोठा होल? दरसाल तोडतांव ना."

"फूल, फळ?"

"छाटलेल्याला कुठला फळ!" ती हसली, समोरचे दोन दात नव्हते. "फळ धरायला त्याला चार-पाच वरीस कोणी हात नाय लावला पायजे. आमाला राबाला पाला लागतो, मंग कसा ठेवणार? तो रानातला बघ, वरचा." तिने पिठाच्या बोटाने टेकडीच्या माथ्याकडे दाखवलं. तिथे एक ऐन होता, सरळ, उंच, माझा विश्वास बसेना की हे तेच झाड. "त्याला कोणी पोचत नाय. तो झाड हाय. ह्यो नुसता फुटतो."

मग तिने माझ्याकडे बघितलं. "कोण गेला तुजा?" "पोरगा," मी म्हटलं. "वरुण." "केवडा होता?" "बावीस." तिने निखाऱ्यावरची भाकरी उलटली. मी वाट बघत होते, आता देवाची मर्जी येईल, आता धीर धर येईल, गेली दोन वर्षं येतंय तसं. "मंग नाय बरा व्हत," ती म्हणाली आणि भाकरी माझ्या हातात दिली, वर लसणीची चटणी. मी ती तिथेच बसून सगळी खाल्ली. रडत होते, पण खाल्ली. फार दिवसांनी काहीतरी तिखट लागलं.

परत निघालो तेव्हा तीन वाजले होते. मागच्या सीटवर मंडळाने दिलेलं एक रोप होतं, कसलं ते मी बघितलं नाही. श्रीधर उजळणी करत नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, ड्रायव्हिंगची परीक्षा द्यायला बसल्यासारखा. मला राग येत होता आणि त्याची दयाही येत होती, हे एकत्र येतं तेव्हा फार थकायला होतं. चारचौघांत त्याला खोटं पाडलं मी. ज्या एका दृश्यावर हा माणूस दोन वर्षं उभा होता ते दृश्यच मी त्याच्या पायाखालून काढून घेतलं. त्याला काहीतरी सांगायला हवं होतं, ताटलीचं, खडूचं, सगळंच. आता हे दोघांचं होऊ दे, असं वाटलं. मी घसा साफ केला. डावीकडे पहिले कारखाने लागले, पत्र्याच्या भिंती, दुपारच्या पाळीच्या बसमधून उतरणारी माणसं. तेवढ्यात तोच बोलला.

"वाफ दिसली होती मला."

मी त्याच्याकडे बघितलं. तो रस्त्याकडेच बघत होता.

"कधी?"

"तेव्हा. चौदाव्या दिवशी. तू दुसरी खेप घेऊन गेलीस, तेव्हापासून मी दारात होतो." एक ट्रेलर आडवा आला, त्याने थांबून त्याला जाऊ दिलं, गिअर बदलला. "आणि त्याच्या आधी, दाराबाहेर ते लिहून गेले होते ना, तेही वाचलं होतं. संध्याकाळी फिरून आलो तेव्हा. सतरा, एक."

म्हणजे मी पुसायच्या आधीच त्याने खडू वाचला होता. म्हणजे ताटलीचं त्याला माहीत होतं, आणि पातेल्यात काय आहे ते माहीत होतं, आणि मी का ओततेय तेही माहीत होतं. त्या सकाळी त्या घरात आम्ही दोघं होतो, दोघांनाही सगळं कळत होतं, आणि मधे एक जाळीचं दार होतं, त्यालाही कडी नव्हती. मी पाच खेपा केल्या. माझा हात भाजत होता. त्याने नुसतं 'विद्या' म्हटलं असतं तरी मी पातेलं खाली ठेवलं असतं.

"तुम्हाला दिसत होतं," मी म्हटलं. "मग तुम्ही काय केलंत?"

त्याने आरशात मागचा रस्ता बघितला. मग अगदी साध्या आवाजात, माइकचा लवलेशही नसलेल्या, घरातल्या आवाजात म्हणाला, "दाढी केली. साडेसातची बस होती."

मी काच खाली केली. रंगाच्या कारखान्याचा आंबट वास आत आला. दोन वर्षं चार महिने मी धरून चालले होते की याला दिसलं नाही. बिचारा आंधळा आहे, म्हणून रोज रात्री मी त्याच्या शेजारी झोपत आले.